खळवाडी गावाबाहेर का होती?
शिरूर-दौंडच्या माळावरची आग आणि घर यांच्यातील अंतराचा इतिहास

माघ-फाल्गुनातल्या एखाद्या संध्याकाळी पुणे-सोलापूर रस्त्याने निघावे. यवत मागे पडले की दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. वरवंड, पाटस, कुरकुंभ येईपर्यंत कुठे ना कुठे धुराचा एक खांब आभाळात गेलेला दिसतोच. गाडीतले लोक काचा वर करतात. "पाचट पेटवलंय" असे कुणी म्हणते आणि विषय संपतो. पुणे-नगर रस्त्याने शिरूरकडे गेले तरी देखावा फारसा वेगळा नसतो.

'वणवा' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सह्याद्री येतो. शिरूर आणि दौंड तालुक्यांत तसे जंगल नाही. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. माळ, मुरूम, बाभळी, कुसळी गवत आणि नद्यांच्या काठाने काळी जमीन. त्यामुळे इथे वणव्याचा इतिहास तो काय असणार, असे वाटणे साहजिक आहे. पण जंगल हे आगीच्या अनेक इंधनांपैकी एक. या दोन तालुक्यांत आगीने आधी गवत खाल्ले, मग कडबा, आणि आता ती ऊस खाते. इंधन बदलत गेले तसे माणसाचे घर आगीच्या जवळ येत गेले. हे जवळ येणे कसे घडले, ते या लेखात पाहायचे आहे.

त्यासाठी एक साधा प्रश्न हाताशी धरू. जुन्या गावात खळी आणि गंजी गावाबाहेर, खळवाडीत का असत?

दीड मीटरची वाट

सुरुवात शिरूर तालुक्यातल्याच इनामगावपासून करता येते. घोड नदीच्या काठावरच्या या पांढरीच्या टेकाडावर डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा हंगाम उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या या कामातून इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. आधीच्या काळातली घरे काटकोनी, बुटक्या मातीच्या भिंतींची, वर कुडाचे काम आणि गवताचे छप्पर. उत्तरकाळात, पाऊस कमी झाल्यावर, लहान गोल झोपड्या आल्या.

या घरांत चुली होत्या, आव्यासारखे खड्डे होते, धान्याची पेवे होती. पुरातत्त्वज्ञांच्या हाती सातू, गहू, मसूर यांचे दाणे लागले ते जळून कोळसा झाल्यामुळेच. न जळलेला दाणा तीन हजार वर्षे टिकत नाही, करपलेला टिकतो. म्हणजे आपल्या भागातल्या शेतीचा सर्वांत जुना पुरावा आगीनेच राखून ठेवला आहे.

पण त्याहून मला महत्त्वाची वाटते ती घरांची मांडणी. घरे ओळीने होती आणि दोन घरांमध्ये सुमारे दीड मीटरची मोकळी जागा होती. ती वाट म्हणून असेल, पागोळ्यांचे पाणी पडायला असेल. इनामगावकरांनी आगीचा विचार करून ती सोडली असे म्हणायला पुरावा नाही. मात्र गवताच्या छपराखाली राहणाऱ्या, रोज घरात विस्तव करणाऱ्या माणसाला शेजारच्या छपराचे भय कळत नसेल असे मानणेही कठीण आहे.

गंजीचे भय

गवत आणि विस्तव यांच्या या शेजाराविषयी मराठीत जे जुने कागद आहेत त्यांतला सर्वांत बोलका कागद आपल्या भागातला नाही, कोकणातला आहे. पण तो घोडदळाच्या छावणीविषयी आहे, आणि घोडा व गवत यांचे नाते देशावर तेच होते, म्हणून इथे त्याची आठवण काढतो. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले हे पत्र. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या आशयासाठी ते नेहमी सांगितले जाते. पण त्याच पत्राचा बराच भाग आगीविषयी आहे.

त्याचा आशय असा: कुणी स्वयंपाकाला आगट्या करतील, कुणी तंबाखू ओढायला विस्तव नेतील, भोवती गवत पडले आहे की वारा सुटला आहे हे पाहणार नाहीत. मग एक खण पेटला की सगळे पेटतील आणि गवताच्या गंजी एकामागून एक जातील. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, म्हणून दिवे विझवावेत. आणि शेवटी, आग लागून गेल्यावर कुणाला कितीही कठोर शिक्षा केली तरी नवा खण उभारायला एक लाकूडही मिळणार नाही.

हा शेवटचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. अपराधी शोधून नुकसान भरून येत नाही, म्हणून व्यवस्था आधीच करायची, हे सतराव्या शतकातल्या राज्यकर्त्याने ओळखले होते. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तही दारूखाना घराजवळ किंवा घराच्या वाऱ्याखाली नसावा, अशी सूचना येते. दोन्ही ठिकाणी विझवण्याच्या साधनांपेक्षा दोनच गोष्टींवर भर आहे: अंतर आणि वारा.

धाबे, गावकूस आणि खळवाडी

आता परत भीमा-घोडच्या काठावर येऊ. मावळात घरावर उतरते छप्पर लागते, कारण पाऊस मुसळधार. पुण्याच्या पूर्वेला जसजसे जावे तसतशी छपरे सपाट होत गेलेली दिसत. शिरूर-दौंडचे जुने घर म्हणजे धाब्याचे घर. कच्च्या विटांच्या किंवा मातीच्या हात-दीड हात रुंद भिंती, लाकडी खांब, त्यावर तुळया, कडीपाट किंवा काटक्यांचा थर आणि वर वीतभर किंवा त्याहून जाड पांढरीच्या मातीची पाखर. ही माती दरवर्षी पावसाआधी चोपून नीट करायची. उन्हाळ्यात वर झोपायचे, कुरडया-पापड वाळवायचे.

धाबे बांधले ते ऊन आणि चोर यांच्यापासून बचावासाठी, आणि कमी पावसामुळे ते परवडत होते म्हणून. पण त्याचा एक गुण सहसा सांगितला जात नाही. वाऱ्याने उडून आलेला निखारा गवताच्या छपरावर पडला तर घर जाते. तोच निखारा मातीच्या धाब्यावर पडला तर तिथल्या तिथे विझतो. ही अवर्षणाने नकळत दिलेली देणगी होती.

गावठाण पांढरीत, शेती काळीत. गावाला कूस, निदान वेशीच्या बाजूला तरी भिंत किंवा निवडुंगाचे, काटेरी झुडपांचे कुंपण. आणि गावठाणाच्या बाहेर खळवाडी. तिथे ज्वारी-बाजरीची मळणी व्हायची, तिथेच कडब्याच्या गंजी रचल्या जायच्या. खळवाडी बाहेर असण्याची कारणे अनेक होती. उफणणीला मोकळा वारा लागतो. बैलांची पात फिरवायला जागा लागते. सरकारचा वसूल आणि बलुतेदारांचा वाटा सगळ्यांच्या देखत व्हावा लागतो. आगीचे कारण त्यांतले एक. परंतु कारण कोणतेही असो, परिणाम एकच झाला. गावातले सर्वांत जळाऊ इंधन आणि गावातल्या चुली यांच्यामध्ये मोकळी जमीन राहिली.

या अंतराची किंमत होती. गंजी गावाबाहेर म्हणजे रात्री ती एकटी. म्हणून राखण आली, रामोशी आणि जागल्या आले. घर वाचवायचे तर गंजीला पहारा द्यावा लागे.

आणखी एक किंमत होती, ती सगळ्यांनी सारखी मोजली नाही. धाब्याला लाकूड लागते आणि लाकडाला पैसा. ज्यांना ते परवडत नव्हते त्यांची घरे गवताच्या, तरवडाच्या, सरमडाच्या छपरांचीच राहिली. आणि ज्यांना जातीने गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांच्या वाट्याला ना भिंत आली ना धाबे. गावाने आपले इंधन गावाबाहेर ठेवले तेव्हा ते कुणाच्या तरी दाराजवळ गेले. जुन्या गावाच्या शहाणपणाचे गोडवे गाताना एवढी आठवण ठेवायलाच हवी.

गंजीला लावलेली काडी

कडब्याची गंजी म्हणजे बैलाचा उन्हाळा. दुष्काळी मुलखात गंजी गेली की बैल जातो, बैल गेला की पेरणी जाते. त्यामुळे गंजी पेटवणे हा कोरडवाहू गावातला सर्वांत सोपा आणि सर्वांत क्रूर सूड होता.

१८७५ च्या दख्खनच्या उठावात याचा प्रत्यय येतो. आजचा दौंडचा मुलूख तेव्हा भीमथडी तालुक्यात होता. त्याच तालुक्यातल्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडून कर्जरोखे आणि चोपड्या ताब्यात घेतल्या. चोवीस तासांच्या आत तिथून सुमारे चौदा मैलांवरच्या एका गावात तिथल्या मुख्य सावकाराच्या गंजी जाळल्या गेल्या आणि घराला आग लावली गेली. मग हे लोण भीमथडी, शिरूर आणि नगर जिल्ह्यातल्या पारनेर, श्रीगोंदे, कर्जत भागात पसरले. उठावाचा मुख्य रोख कागदावर होता. माणसे मारणे हा हेतू नव्हता, रोखे जाळणे हा होता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि पुढे १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा आला.

इतिहासकारांनी या उठावाकडे कर्ज, कापूस आणि सारा यांच्या अंगाने पाहिले, आणि ते बरोबरच आहे. आपल्या विषयापुरते एवढेच नोंदवायचे की आग हे या माळावर नेहमी अपघात म्हणून आलेली नाही. आणि जी व्यवस्था अपघाताला पुरते ती वैराला पुरत नाही. गंजी गावापासून लांब असेल तर घर वाचते. पण गावातली माणसे एकमेकांपासून लांब गेली असतील तर गंजी वाचत नाही.

कुरण, रेल्वे आणि कायदा

एकोणिसाव्या शतकात या मुलखात गवताला आणखी एक गिऱ्हाईक होते. शिरूर म्हणजे घोडनदी हे इंग्रजांच्या फौजेचे ठाणे होते. १८१८ च्या पहिल्या दिवशी कोरेगावला लढलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच निघाली होती. पुढे अनेक दशके पूना हॉर्सचे घोडे इथे होते. घोड्यांना गवत हवे, गवताला कुरण हवे. राखीव कुरणाची कल्पना पेशवाईतही होतीच. इंग्रजी अमलात मात्र कुरणे आणि माळ हळूहळू वनखात्याकडे गेले, आणि गवताची आग हा सरकारी गुन्हा झाला.

मेंढपाळ माळाला काडी लावतो ती जुने वाळलेले कुसळ जाऊन पावसाबरोबर कोवळे गवत फुटावे म्हणून. वनखात्याला त्यात नुकसान दिसते. दोघांचेही काही खरे आहे. वाळले कुसळ मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत रुततात, हे धनगर सांगतो ते खरे. आणि दरवर्षी जाळल्याने मारवेल, पवन्या यांसारखी चांगली गवते मागे पडून कुसळीच वाढते, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांची घरटी जातात, हे वनाधिकारी सांगतो तेही खरे. सुपे परिसरातले मयूरेश्वर अभयारण्य चिंकारासाठी राखलेले आहे, ते अशाच गवताळ माळावर. तिथे उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतात, म्हणजे गवताचा पट्टा आधीच कापून, जाळून मोकळा करतात. पुन्हा तेच: आगीच्या वाटेत अंतर.

भारतीय वन अधिनियम १९२७ ने राखीव वनात आग लावणे गुन्हा ठरवला (कलम २६) आणि वनात हक्क असणाऱ्यांवर आग विझवायला मदत करण्याचे बंधन घातले (कलम ७९). मात्र हा कायदा वनाच्या हद्दीपर्यंत. हद्दीच्या दगडापलीकडे शेत सुरू झाले की तीच आग वणवा राहत नाही, ती 'शेतातील आग' होते. उपग्रहावरून आगीचे ठिपके टिपून वनखात्याला कळवण्याची यंत्रणा आज आहे. तीही वनहद्दीतल्या ठिपक्यांसाठी आहे. दौंडच्या उसातला ठिपका उपग्रहाला दिसतो, पण त्या निरोपाची वाट पाहणारे खाते नसते.

याच शतकात माळावर आगगाडी आली. पुण्याहून दौंडमार्गे दिकसाळपर्यंतची लोहमार्गाची वाट १८५८ मध्ये सुरू झाली, आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाल्यावर दौंड जंक्शन बनले. वाफेच्या इंजिनाच्या धुराड्यातून निखारे उडत. जगभर रेल्वेकडेची गवते त्याने पेटत, म्हणून धुराड्याला जाळी बसवणे आणि रुळांलगतचे गवत आधीच जाळून टाकणे हा रेल्वेचा शिरस्ता झाला. माणसाच्या हातातली काडी नसतानाही ठिणगी पडू शकते, ही गोष्ट माळाला प्रथम आगगाडीने शिकवली. विजेच्या तारांनी ती पुढे पक्की केली.

पाणी आले आणि अंतर गेले

खडकवासल्याचे धरण आणि मुठा उजवा कालवा १८७० च्या दशकात झाला. १८७६-७८ च्या दुष्काळात अनेक हातांना या कामांनी पोट दिले. कालव्याच्या पाण्याने आजच्या दौंड तालुक्याचा एक पट्टा भिजू लागला. विसाव्या शतकात घोड नदीवर चिंचणीला धरण झाले, चासकमानचे पाणी शिरूरला आले, नदीकाठी उपसा योजना झाल्या, विहिरींवर मोटा जाऊन पंप आले. पाटस, न्हावरे, आलेगाव इथे साखर कारखाने उभे राहिले. राहू-केडगाव पट्ट्यात गुऱ्हाळे धडधडू लागली. ज्या मुलखाने सावकाराच्या रोख्यासाठी दंगा केला होता, त्याच्या हाती पहिल्यांदा नगदी पीक आले. या पाण्याने किती घरे वर काढली हे इथल्या कुणालाही सांगायला नको.

पण पाण्याने गावाची मांडणी उलटी केली. कोरडवाहू शेतकरी गावठाणात राहून शेतावर जात असे. बागायती शेतकऱ्याला रात्री पाणी धरावे लागते, पंपाकडे पाहावे लागते, गाय दुभती असते. तो शेतात राहायला गेला. मळ्यात वस्ती झाली, वस्त्यांची आळी झाली. आज अनेक गावांचे निम्मे लोक गावठाणाबाहेर राहतात. आता घराच्या एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला ऊस, मागे गोठा, गोठ्याला टेकून कडब्याची किंवा वाढ्यांची गंजी, वर पत्रा आणि पत्र्यावरून गेलेली वीज. खळवाडी गावाबाहेर होती. आता माणूसच खळवाडीत राहायला आला आहे.

ऊस हिरवा दिसतो म्हणून फसगत होते. शेंड्याला वाढे हिरवे असतात, खाली मात्र वाळलेल्या पाचटाचा पदर कांड्याला चिकटून असतो आणि सरीत थर असतो. एका हेक्टरात आठ-दहा टन पाचट निघते. आडसाली ऊस पंधरा-अठरा महिने उभा असतो. तोड लांबली की तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, नेमका कोरड्या वाऱ्यात उभा राहतो. अशा फडात ठिणगी पडली की तडतड आवाज येतो आणि पळायला मिनिटे उरतात. कारणे सगळ्यांना पाठ आहेत: झोळ आलेल्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासणे, डीपीवरची ठिणगी, शेजाऱ्याने पेटवलेले पाचट, फेकलेली बिडी, आणि हंगामाच्या शेवटी सोपी तोड व्हावी म्हणून मुद्दाम लावलेली काडी.

जळालेल्या उसाचे वजन घटते, साखर उतरते, तो तातडीने गाळपाला जावा लागतो आणि जळीत म्हणून भावात कपात होते. पंचनामा होतो. तारांचा दोष सिद्ध करायला कागद लागतात, आणि जळालेल्या फडात पुरावा उरत नाही. उसाची भरपाई निदान मागता तरी येते. गोठ्यातली गाय, संसार, मुलांची प्रमाणपत्रे, घराच्या वाशाला टांगलेला बियाण्याचा मक्याचा कणसांचा झुबका यांची नोंद 'इतर नुकसान' या रकान्यात होते.

कोपी

या माळावर आणखी एक वस्ती दरवर्षी उठते आणि बसते. दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगर, नाशिक, जळगावकडून ऊसतोड मजूर येतात. कारखान्याच्या तळावर किंवा फडाजवळ त्यांच्या कोप्या पडतात. बांबूच्या कामट्या, चटई, पाचट, वर ताडपत्री. एकीला लागून दुसरी. आत तीन दगडांची चूल, अंथरुणे, धान्याचे पोते. दाराशी बैल आणि बैलांपुढे वाढे. कोयता पहाटे, अंधारात फडावर जातो, आणि लहान मुले कित्येकदा कोपीतच राहतात.

तीन हजार वर्षांपूर्वीच्या इनामगावात गवताच्या दोन छपरांमध्ये दीड मीटर जागा होती. आजच्या कोप्यांच्या ओळीत कित्येकदा तेवढीही नसते. ज्याने साखर तोडायची त्याचे घर सर्वांत जळाऊ, आणि ते उभे सर्वांत जळाऊ पिकाच्या कडेला. पूर्वी गावकुसाबाहेरच्या माणसाच्या वाट्याला जे आले तेच आज हंगामी माणसाच्या वाट्याला येते. या दोन तालुक्यांत आगीपासून घर वाचवण्याचा विचार करायचा तर तो बंगल्यापासून सुरू करून चालणार नाही, कोपीपासूनच करावा लागेल.

दूरच्या एका उसाच्या गावाची गोष्ट

हवाई बेटांतल्या माउई या बेटावर लाहैना नावाचे गाव होते. शतकाहून अधिक काळ तिथे ऊस होता. १९९९ मध्ये तिथला साखर कारखाना बंद पडला. शेते पडीक राहिली आणि त्यांत गिनी गवतासारखी, मुळात चाऱ्यासाठी आणलेली परकी गवते कमरेइतकी वाढली. आपल्याकडे दुभत्या जनावरांसाठी बांधावर लावतात तेच हे गिनी गवत. ८ ऑगस्ट २०२३ रोजी वादळी वाऱ्यात विजेच्या तारा तुटल्या, गवत पेटले आणि काही तासांत गाव बेचिराख झाले. शंभराहून अधिक माणसे गेली. मोठे जंगल तिथेही नव्हते. गवत, वारा, तार आणि दाटीची घरे एवढे पुरे झाले.

अशा आगींत घरे नेमकी कशी पेटतात, याचा अभ्यास अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी १९९० च्या दशकापासून केला. त्यांचा निष्कर्ष साधा आहे. आगीची भिंत अंगावर येऊन घर जळते असे आपल्याला वाटते. पुष्कळदा घर पेटते ते आधी उडत आलेल्या निखाऱ्यांनी. निखारा छपराच्या फटीत, भिंतीलगतच्या पाल्यात, घराला टेकलेल्या लाकडांत पडतो. म्हणून घराचे भवितव्य घर स्वतः कशाचे आहे आणि त्याच्याभोवतीच्या सुमारे तीस मीटरांत काय आहे यावर ठरते. भिंतीलगतचा दीड मीटर तर पूर्ण मोकळा हवा.

हे वाचताना आपल्याला नवे काय कळले? निखारा विझवणारे छप्पर म्हणजे धाबे. भोवतीची मोकळी जागा म्हणजे गावठाण आणि खळवाडी यांमधली पांढर. भिंतीलगतचा दीड मीटर म्हणजे इनामगावची वाट. शास्त्राने कारण सांगितले. रीत इथे होती, फक्त ती आगीच्या नावाने ओळखली जात नव्हती, म्हणून ती गेली तेव्हा काय गेले हेही कुणाच्या लक्षात आले नाही.

अंतर परत आणण्यासाठी

गावठाणात परत जा, धाबी बांधा, असे कुणी म्हणणार नाही. पाणी आणि वस्ती राहणारच. पण अंतर परत आणता येते.

घराच्या चहूबाजूंनी निदान दहा-पंधरा पावले ऊस लावू नये. तिथे भाजी, मेथी-घास, हिरवे राहील असे काही असावे. कडबा आणि चिपाड गोठ्याला टेकवून न रचता, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, लांब रचावे. विजेच्या तारांखालचा पट्टा तोडीत पहिला घ्यावा, आणि झोळ आलेल्या तारांची तक्रार ग्रामसभेच्या ठरावाने लेखी व्हावी, म्हणजे पुढे पुरावा राहतो. पाचट न जाळता कुट्टी करून सरीत कुजवले तर ओल टिकते आणि शेजाऱ्याच्या फडाला भय राहत नाही. कृषी संस्था हे कित्येक वर्षे सांगत आहेत, आणि आता बरेच शेतकरी करतही आहेत. बंब शिरूर-दौंडच्या नगरपरिषदांतून किंवा रांजणगाव-कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतून यायचा, तोवर फड संपलेला असतो. म्हणून गावातले फवारणीचे ट्रॅक्टर, पाण्याचे टँकर आणि विहिरींची यादी आधीच हवी. एका फोनवर गावभर निरोप देणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा चोर आणि बिबट्यासाठी पुणे जिल्ह्यात वापरात आहे. तीच आगीसाठी वापरता येते.

आणि कोप्यांच्या दोन ओळींत अंतर हवे, पाण्याची टाकी हवी, चूल कोपीबाहेर हवी, दिवसा मुलांजवळ एक मोठे माणूस हवे. याचा खर्च एका जळीत फडाच्या कपातीइतकाही नाही.

आमच्या घरी आजी रात्री झोपण्याआधी चुलीतला विस्तव राखेखाली झाकत असे. सकाळी तोच उकरून चूल पेटे. मध्ये रात्रभर निखारा जिवंत असायचा, पण घराला त्याचे भय नसायचे, कारण त्याच्या आणि घराच्या मध्ये तिने वीतभर राख घातलेली असायची. खळवाडी गावाबाहेर का होती, याचे उत्तर मला तिच्या त्या सवयीत सापडते. विस्तवाशिवाय संसार चालत नाही, उसाशिवाय आता हा मुलूखही चालणार नाही. मधली राख मात्र आपल्यालाच घालावी लागेल, आणि ती येत्या माघाआधी घालायची आहे.